सोबतीची झाडे : प्रस्तावना

बागेत येणारा पाहुणा, मग तो जातिवंत रसिक असो की केवळ शिष्टाचार म्हणून फेरफटका मारणारा असो, फुललेल्या ताटव्यापुढे उभा राहिला म्हणजे बहुधा रंगांविषयीच बोलतो. जांभळ्याच्या शेजारी पिवळे किती खुलून दिसते, किंवा तांबड्याला लागून गुलाबी लावण्याचे धाडस कोणी केले, अशा स्वरूपाची त्याची स्तुती अथवा तक्रार असते, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही म्हणता येत नाही, कारण त्या घटकेला त्याच्या नजरेपुढे रुजू असतात ते रंगच. ज्याला तो ताटवा बारा महिने सांभाळावयाचा असतो त्याची विवंचना मात्र निराळी. आज जे झाड ऐन भरात आहे ते दीड-दोन महिन्यांनी ओसरले म्हणजे त्याच्या जागी काय दिसणार, त्याचे वाळके दांडे कोण झाकणार, आणि ते जमिनीखाली निजलेले असताना शेजाऱ्याला घातलेले पाणी त्याच्या कंदाला मानवणार की नाही, हे प्रश्न त्याला रोज सकाळी खुरपे हाती घेताना पडतात. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या माणसासाठी लिहिले आहे. झाडांचा शेजार ठरविताना काळाचा विचार आधी, पाण्याचा त्यानंतर आणि रंगाचा सर्वांत शेवटी करावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. आणि हे प्रतिपादन ज्या बाईंच्या उदाहरणाने सर्वांत स्पष्ट होते त्या स्वतः जगभर रंगांच्या जाणकार म्हणूनच ओळखल्या जातात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

बहुवर्षायू झाडांची बॉर्डर, म्हणजे वाटेच्या अथवा भिंतीच्या कडेने जाणारा लांबट ताटवा, ज्यातील झाडे थंडीत वरून मरून गेल्यासारखी दिसतात आणि ऋतू पालटताच मुळांतून पुन्हा फुटतात, ही मूळची इंग्लंडच्या हवेतील संस्था. गेल्या शतकाच्या मागल्या शतकात तेथील श्रीमंतांच्या बागांत निराळाच शिरस्ता होता: काचेच्या घरांत हजारोंनी रोपे तयार करावयाची, उन्हाळा आला की ती गालिच्याच्या नक्षीप्रमाणे जमिनीत मांडावयाची आणि हंगाम सरताच उपटून फेकून द्यावयाची. या खर्चिक आरासीवर विल्यम रॉबिन्सन या लेखकाने १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ आणि १८८३ मध्ये ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ या ग्रंथांतून जी टीकेची झोड उठविली, तिच्यामुळे खेडवळ घरांच्या परसातील टिकाऊ, कणखर झाडांना प्रतिष्ठा मिळाली. रॉबिन्सन हा स्वभावाने भांडकुदळ होता, आणि त्याचे ग्रंथ आज वाचताना त्यातील वादाचा भाग शिळा वाटतो. पण त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर इमारत उभी केली ती गर्ट्रूड जीकिल यांनी.

जीकिलबाईंचा जन्म १८४३ चा. त्यांनी साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले, भरतकाम केले, चांदीवर आणि लाकडावर काम केले. परंतु दृष्टी उत्तरोत्तर अधू होत गेली आणि १८९१ मध्ये नेत्रवैद्याने बारीक काम सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांची सारी कलाबुद्धी बागेकडे वळली. सरे परगण्यातील गोडॅल्मिंगजवळच्या मन्स्टेड वुड येथे त्यांची बाग होती, आणि तेथील घर ज्या तरुण वास्तुशिल्पज्ञाने बांधले तो एडविन ल्युटेन्स पुढे नव्या दिल्लीचा शिल्पकार म्हणून आपल्याकडे सर्वश्रुत झाला. या बागेतील मुख्य बॉर्डर सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद असून तिच्या पाठीशी ११ फूट उंचीची दगडी भिंत होती. दोन्ही टोकांना करडी पाने, पांढरी आणि फिकट पिवळी फुले. तेथून मध्याकडे सरकताना पिवळा गडद होत नारिंगी, आणि अगदी मध्यभागी शेंदरी व तांबड्याचा वणवा. तेथून पुन्हा उलट क्रमाने उतरत दुसऱ्या टोकाच्या करड्या शांततेत शेवट, अशी तिची रचना होती. या रचनेचे वर्णन त्यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात केले आणि तेव्हापासून बागकामावरील लेखकांच्या तीन पिढ्यांनी तेच वर्णन निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितले.

रंगांची ही चढउतार शास्त्राला धरून होती, हे मान्य केलेच पाहिजे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातील रंगखात्याचा प्रमुख शेव्ह्रल याने १८३९ मध्ये सप्रमाण दाखवून दिले होते की, कोणताही रंग शेजारच्या रंगामुळे निराळा भासतो; गालिच्यातील काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली तेव्हा दोष धाग्याच्या रंगाईत नसून त्याच्या निळ्या शेजाऱ्यात होता. नारिंगीकडे टक लावून पाहिलेल्या डोळ्याला त्यानंतरचा निळा अधिकच निळा दिसतो, ही गोष्ट जीकिलबाईंना ठाऊक होती आणि तिचा त्यांनी हिशेबीपणाने उपयोग केला. इतके सगळे खरे असले, तरी त्यांच्या ग्रंथातील मला अधिक मोलाची वाटणारी पाने ही नव्हेत. ती पाने कमी वाचली जातात आणि त्यांत रिकाम्या जागांची कैफियत आहे.

ओरिएंटल पॉपी नावाचे अफूच्या जातीचे एक झाड तिकडे जूनच्या आरंभी तळहाताएवढ्या तांबड्या फुलांनी डवरते आणि महिनाभरात पानांसकट नाहीसे होते. मागे हातभर रुंदीची उघडी माती उरते. जीकिलबाईंनी त्याच्या मागे जिप्सोफिला लावली, जी आपण हल्ली पुष्पगुच्छातून पाहतो, आणि जिची धुक्यासारखी पांढरी फुले जुलै-ऑगस्टमध्ये त्या उघड्या जागेवर पसरत. पुढे ही जिप्सोफिलाही तपकिरी पडू लागे, तोवर तिच्या पायथ्याशी पेरलेले वेलीचे नॅस्टर्शियम तिच्या वाळक्या काड्यांवर चढून आपली नारिंगी फुले दाखवू लागे. एकाच जागेवर अशी तिघांची पाळी लागली होती. निळ्या डेल्फिनियमच्या बाबतीत त्यांचा बंदोबस्त याहूनही चोख होता: फुले संपताच दांडे बेताच्या उंचीवर छाटावयाचे, मागे लावलेल्या पांढऱ्या बारमाही वाटाण्याचा वेल त्यांच्यावर ओढून घ्यावयाचा, आणि तोही ऑगस्टमध्ये दमला म्हणजे त्याच्यामागचा जांभळा क्लेमॅटिस त्यावर आणावयाचा. मरून गेलेल्या दांड्यांना त्यांनी मांडवाची नोकरी दिली. या सर्व प्रकरणात रंगाचा विचार होताच, पण तो वेळापत्रक ठरल्यानंतरचा.

दुसरी एक गोष्ट अशी की, या बॉर्डरकडून त्यांनी वर्षभराची अपेक्षा कधी केली नाही. ती जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शोभावी एवढीच मुदत त्यांनी तिला घालून दिली होती. वसंतासाठी, जूनसाठी, शरदातील ॲस्टरसाठी बागेत अन्यत्र स्वतंत्र जागा होत्या. शिवाय जी बॉर्डर बहुवर्षायू म्हणून मिरवते तिच्या मध्यभागी डेलिया आणि आपली कर्दळ असे, ती थंडीत खणून आत ठेवावी लागे, आणि एवढ्यानेही कोठे खिंडार पडलेच तर कुंडीत वाढविलेल्या लिली वा हायड्रेंजिया कुंडीसकट त्या जागी आणून बसविल्या जात. या युक्त्यांना फसवणूक म्हणणारे लोक तेव्हाही होते व आजही आहेत. मला मात्र तो सोवळेपणा निरर्थक वाटतो. बाग ही वनस्पतिशास्त्राची सूची नाही.

आता आपल्याकडे. इंग्रजी पुस्तके वाचून दख्खनच्या पठारावर बॉर्डर करू पाहणाऱ्या माणसाची पहिली फसगत होते ती हंगामात. तिकडे सारी झाडे एकाच वेळी, म्हणजे बर्फाच्या दिवसांत, निजतात आणि जवळपास एकदमच जागी होतात. त्यामुळे थंडीचे तीन-चार महिने बॉर्डर बरखास्तच असते आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. आपल्याकडे सर्वांची झोप एका वेळेची नाही. सोनटक्का, कळलावी, भुईचाफा आणि मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली ही हिवाळ्यात निजतात. शेवंती हिवाळ्यातच भराला येते. सदाफुली कधीच निजत नाही. आणि रेन लिलीला तर कोरड्या दिवसांनंतर जोराचा पाऊस पडला की चार-पाच दिवसांत फुलावयाचे एवढेच माहीत, मग पंचांगात महिना कोणता का असेना. एप्रिलमध्ये ज्या मातीला भेगा पडतात तीच जुलैमध्ये चिखल होऊन पायाला चिकटते. अशा मुलखात शेजार लावावयाचा म्हणजे प्रथम प्रत्येक झाडाच्या निद्रेचा आणि जागृतीचा तपशील दप्तरी असला पाहिजे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाने आपल्या हौशी बागवानांवर अनंत उपकार केले आहेत. परंतु वर्षाची सगळी मेहनत जानेवारीतल्या त्या दिवसांसाठी कुंड्यांत ओतावयाची आणि उरलेले दहा महिने जमीन उघडी टाकावयाची, ही खोडही बहुतेकांना तेथूनच लागली, असे माझे मत आहे.

झोपेच्या पाठोपाठ पाण्याचा प्रश्न येतो आणि तो बहुतेक जोड्यांचा निकाल लावतो. उदाहरणादाखल कळलावी घेऊ. पहिल्या पावसाबरोबर तिचा कोंब जमिनीतून भाल्यासारखा सरळ वर येतो. हात-दीड हात वाढला की मग आधार शोधू लागतो. तिला वेगळे तणावे नसतात. पानाचे टोकच निमुळते होत जाऊन गुंडाळी घालते आणि जवळची काडी, दुसऱ्याचे पान, कुंपणाची तार, जे सापडेल ते पकडते. जाड खांब तिच्या उपयोगाचा नाही, तिला बारीक फांदीच लागते. जुलै-ऑगस्टमध्ये येणारे फूल उमलताना हिरवट-पिवळे असते, पाकळ्या नागमोडी काठांच्या आणि मागे उलटून आकाशाकडे वळलेल्या, आणि पुढल्या काही दिवसांत तेच फूल नारिंगी होत होत पूर्ण शेंदरी-तांबडे होते, म्हणजे एकाच वेलीवर एकाच दिवशी तीन-चार रंग नांदतात. रंगाची जोडी जुळविणाऱ्या माणसाने अशा फुलापुढे काय करावे? दिवाळीच्या सुमारास वेल पिवळा पडून वाळतो आणि कंद पुढच्या पावसापर्यंत झोपी जातो. या झोपेत त्याला कोरडेपणा हवा असतो. अशा कळलावीच्या शेजारी कोणी शेवंती लावली, आणि शेवंतीच्या कळ्यांसाठी कार्तिक-मार्गशीर्षात एक दिवसाआड पाणी घातले, तर निजलेला कंद कुजतो आणि जूनमध्ये कोंबाची वाट पाहत बसावे लागते. दोघींचे रंग एकमेकींना कितीही शोभणारे असोत, तो शेजार टिकावयाचा नाही.

हाच कळलावीचा कंद कोरांटीच्या झुडपाच्या बुंध्याशी लावून पाहावा. कोरांटी, मग ती पिवळी असो की जांभळी, पावसाळाभर नुसती हिरवी असते. तिच्या बारीक, दाट फांद्या कळलावीच्या पानांना धरावयास अगदी सोयीच्या. पावसाळ्यात फुले कळलावीची, अंग कोरांटीचे. आश्विनात वेल सुकू लागतो तेव्हा कोरांटीला कळ्या येऊ लागतात, आणि थंडी पडेपर्यंत झुडूप स्वतःच्या फुलांनी भरून जाते. वाळका वेल त्यात दिसतही नाही आणि दिसला तर हाताने ओढून काढता येतो. थंडीत पाणी न मिळाल्याची तक्रार कोरांटी करीत नाही, त्यामुळे कंदाची झोपही अबाधित राहते. मग फाल्गुनात कोरांटीची छाटणी केली की नव्या कोंबाला जूनमध्ये उजेड मिळतो. मन्स्टेडच्या पॉपीने आणि जिप्सोफिलाने जे साधले तेच येथे साधते, आणि त्यासाठी विलायतेतून एकही बी मागवावे लागत नाही. पुढील एक संपूर्ण प्रकरण या एकाच जोडीला दिले आहे. वाचकांना ते प्रमाणाबाहेर वाटण्याचा संभव आहे, पण या एका जोडीचे गणित नीट उमगले तर उरलेल्या कोष्टकांची फारशी गरज पडत नाही.

पाण्याच्या बाबतीत उलट टोकाचे उदाहरण सोनटक्का आणि अबोलीचे. दोघांनाही दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा आणि मुळाशी ओल हवी. सोनटक्का पुरुषभर उंच जाऊन पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढरा शुभ्र फुलतो, अबोली गुडघ्याएवढी राहून जवळजवळ सदाच फुललेली असते आणि सोनटक्क्याचे दांडे वाळल्यावर पुढची बाजू ती सांभाळते. एकीला सुगंध नाही, दुसऱ्याला आहे. कोकणातील व गोव्यातील बायका अबोलीच्या वळेसरात मरवा किंवा जाईजुई गुंफतात ते याच हिशेबाने. जो विचार गजऱ्यासाठी सुचला तो परसातील मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांसाठीही अनेक घरांत आपोआप सुचलेला आहे, आणि विहिरीच्या कडेला या दोन झाडांचा सहवास आजही दृष्टीस पडतो.

काही झाडांना सोबत मानवतच नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. कर्दळ ही त्यांतली ठळक. खत आणि पाणी मिळाले की तिचे गड्डे चहूबाजूंनी सरकतात आणि रुंद पानांच्या सावलीत शेजाऱ्याचे अस्तित्व एका पावसाळ्यात संपुष्टात येते. तिला मागच्या रांगेत, शक्यतो उत्तरेकडे, कौले उभी पुरून केलेल्या हद्दीत ठेवावी, फुलून गेलेला प्रत्येक दांडा बुडापासून कापावा, आणि तिच्या पुढे निशिगंधासारखे उभट, अंगाने सडपातळ झाड लावावे. याच्या उलट वाळा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात, बेट जागच्या जागी राहते, आणि त्याच्या ताठ पात्यांमुळे फुले नसतानाही ताटव्याला आकार राहतो. गवतांचे हे महत्त्व जर्मनीतील कार्ल फोर्स्टर याने आणि अलीकडे हॉलंडच्या पीट औडोल्फ याने युरोपला पटवून दिले. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर औडोल्फने लावलेली गवते व वाळलेली बोंडे पाहावयास थंडीतही लोक जातात. आपल्याकडे वाळा उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात पडतो, पण ताटव्यात त्याला जागा मिळत नाही.

रंगाला शेवटचे स्थान दिले म्हणजे त्याला हद्दपार केले असे नव्हे. त्याचे न्यायालय मात्र येथे निराळे आहे. इंग्लंडच्या ढगाळ उजेडात जे फिकट गुलाबी व अस्मानी रंग आतून उजळल्यासारखे दिसतात, ते आपल्या वैशाखातील दुपारी पार विरून जातात. भर उन्हात टिकाव धरतात ते गडद तांबडे, शेंदरी, जांभळे आणि हळदी. फिकट रंगांचा अंमल पहाटे आणि दिवेलागणीला चालतो. म्हणून गुलबक्षी, जी दुपार कलल्यावर उमलते, निशिगंध आणि पांढरी स्पायडर लिली ही ओटीवर संध्याकाळी बसणाऱ्यांच्या बाजूला हवीत. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९५० च्या सुमारास सिसिंगहर्स्ट येथे जी पांढऱ्या फुलांची बाग केली तिच्यामागेही संधिप्रकाशाचाच विचार होता. ओटीवरच्या दिव्याचेही एक प्रकरण आहे. शेवंती रात्री लांबू लागल्या म्हणजेच कळी धरते. रात्रभर जळणारा दिवा किंवा रस्त्याचा खांब जवळ असला, तर झाड हिरवेगार राहूनही कळीला येत नाही, आणि मालक खताला दोष देत बसतो.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगावयाचे राहिले. जीकिलबाईंची बॉर्डर १४ फूट रुंद होती आणि तिच्या दिमतीला पगारी माळी होते. आपल्या बहुतेक वाचकांजवळ असते ती कुंपणाची भिंत आणि घर यांच्यामधली तीन-चार फुटांची पट्टी, आणि माळी असलाच तर आठवड्यातून एकदा येणारा. येथील सर्व आराखडे त्या पट्टीच्या मापाने काढले आहेत. क्रिस्टोफर लॉइड यांनी १९५७ मध्ये झुडपे आणि बहुवर्षायू झाडे एकत्र लावण्याचा जो पुरस्कार केला, तो कमी मनुष्यबळाच्या काळाला धरून होता आणि आपल्या परिस्थितीलाही तोच सोयीचा असल्यामुळे, येथे कोरांटी, जास्वंद, निळा चित्रक अशा झुडपांना मुक्तहस्ताने जागा दिली आहे. आराखड्यांत जमीन दोन प्रकारची धरली आहे: काळी, जिच्यात सदाफुलीसारखी झाडे लावण्यापूर्वी मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करणे अवश्य आहे, आणि मुरमाड, जिच्यात शेणखत अधिक लागते. कोष्टकांत महिने मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही दिले आहेत, झाडांची नावे माळी ज्या नावांनी ओळखतात तीच ठेवली आहेत, आणि ज्या झाडांचा कोणताही भाग विषारी आहे त्यांच्यापुढे फुली मारली आहे. कळलावी त्यांत पहिली. तिच्या कंदात कॉल्चिसिन नावाचे तीव्र विष असून रताळ्यासारखा दिसण्यामुळे तो कंद पोटात गेल्याची उदाहरणे घडतात. तेव्हा कंद हाताळल्यावर हात धुवावेत, उरलेले कंद स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नयेत, आणि घरात लहान मुले असतील तर त्या आराखड्यात कळलावीच्या जागी गोकर्ण लावावी. हा पर्याय कोष्टकात त्याच ओळीत दिला आहे.